काचेवरची रेघ, खामगावच्या उन्हात

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याला एकट्याने उभं राहून ठरवावं लागतं: जे तडकलं आहे ते सांभाळून पुढे जायचं, की टाकून देऊन नवं आणायचं. थोरामोठ्यांच्या बाबतीत हा क्षण राज्य, धर्म किंवा संसार यांवरून येतो, असं वाचलं आहे. माझ्या बाबतीत तो देऊळगाव राजा सोडल्यावर, गिट्टीने (खडीने) भरलेल्या एका टिप्परच्या मागे आला. आणि मी एकटाही नव्हतो. शेजारच्या सीटवर मावशी शेंगा सोलत होती.

गाडी माझी नव्हती. ती माझ्या मुलीची, रेवतीची. माझी स्वतःची गाडी गेल्या वर्षी विकली, कारण सोसायटीच्या फाटकाचा खांब तिला आडवा आला. तेव्हापासून घरात माझ्या गाडी चालवण्याविषयी जे बोललं जातं, ते आजारी माणसाविषयी बोलतात तशा हलक्या आवाजात. मला चौसष्टावं चालू आहे. मावशीला पिंपळगाव राजाला न्यायचं ठरलं, तेव्हा रेवती म्हणाली, "बाबा, या वेळी चावी देते. पण गाडीला काही झालं ना, तर पुढच्या वेळेपासून ड्रायव्हर. मग वाद घालायचा नाही." निघण्याआधी तिने गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढला. चारी दारं, दोन्ही बंपर, पुढची-मागची काच. पंचनामा गुन्हा घडल्यावर करतात, असा माझा तोवर समज होता.

कुसुममावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. पिंपळगाव राजाच्या प्राथमिक शाळेत तिने सत्तावीस वर्षं शिकवलं आणि मग पुण्याला येऊन ती तीस वर्षं पुण्याला नावं ठेवत आहे. या हिवाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर तिने आरशात पाहिलं, "बरीच सुरकुतलेय की मी," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या वाक्यात, "मला गाव बघायचंय," असं जाहीर केलं. पुढच्या सीटवर बसूनच बघायचं होतं. मागे बसलं की फक्त ड्रायव्हरचं डोकं दिसतं आणि माझ्या डोक्यावर बघण्यासारखं आता काही उरलेलं नाही, असं तिचं म्हणणं.

पहाटे पाचला पुणे सोडलं. जालना मागे पडेपर्यंत मावशीने वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवली. देऊळगाव राजाला चहा घेतला तेव्हा मार्चअखेरचं ऊन चांगलंच चढलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याची शेतं, पांढऱ्या गोंड्यांनी भरलेली. मधूनच बांधावर एखादा पळस, फुलं निम्मी झाडावर आणि निम्मी मातीत. "हे सगळं होतंच इथे," मावशी म्हणाली, "पण मला वाटायचं, धुरकट आहे."

तेवढ्यात टिप्पर पुढे आला. म्हणजे तो पुढेच होता. मी त्याच्या फार जवळ गेलो होतो. हे वाक्य मी पुण्यात अजून कुणाजवळ बोललेलो नाही.

टक्.

आवाज अगदी किरकोळ. कुणी टिचकी मारावी तसा. मावशीच्या बाजूला, काचेच्या मध्याच्या जरा वर, एक चांदणी उमटली. रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाईल एवढी.

"पांढरा खडा होता," मावशी म्हणाली. "हरभऱ्याएवढा. येताना दिसला मला."

"मग सांगायचंस ना!"

"सांगून तू काय केलं असतंस?"

मी गाडी कडेला घेतली, उतरलो, चांदणीवरून बोट फिरवलं आणि पुन्हा आत येऊन बसलो. डोळ्यांसमोर रेवतीचा व्हिडिओ होता. त्यात ही काच कोरी होती, वर तिच्यात आकाशाचं सुरेख प्रतिबिंबही पडलेलं होतं.

चिखलीत शिरताच एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. पुण्यात फुटलेली काच हा खाजगी मामला असतो. चिखलीत तो सार्वजनिक होता. मी चहा सांगेपर्यंत बोनेटभोवती पाच माणसं जमली. त्यांतला एक जीपवाला होता, त्याने चांदणी एक डोळा मिटून निरखली आणि निकाल दिला.

"काका, नेलपॉलिश लावा. थांबते."

"काऊन (का) बे," दुसरा म्हणाला, "तुह्या जीपले लावलं होतं, थांबली का?"

"काच फुटली न बे. पन नेलपॉलिश नाई निंगालं."

सगळे हसले, जीपवाला सगळ्यांत जास्त. मग तो एकदम गंभीर झाला. "एक मात्र आयका काका. एसी बंद ठेवा. काच बाहेरून तापली अन् आतून गार केली का ते चीर पयते (पळते). एकदा पयाली का मंग काठापर्यंत थांबत नाई."

त्या दिवशी मला मिळालेला हा पहिला शहाणपणाचा सल्ला. तो नेलपॉलिशच्या सल्ल्याच्या मागोमाग, त्याच तोंडून आला, म्हणून मी त्याला द्यावं तितकं महत्त्व दिलं नाही.

टपरीवाल्याने मोठ्या रस्त्यावरच्या काचांच्या एका नव्या दालनाचा पत्ता सांगितला. दालन खरोखर देखणं होतं. दाराशी पायपुसणं, आत थंडगार हवा, भिंतीवर बर्फाच्या डोंगरातून जाणाऱ्या मोटारीचं चित्र. चिखलीच्या चाळीस अंशांत टाय बांधलेले एक गृहस्थ टेबलामागे बसले होते. त्यांनी आपण 'ग्लास कन्सल्टंट' असल्याचं सांगितलं. गाडी दारातच उभी होती, पण ते उठले नाहीत. मी मोबाइलवर फोटो दाखवला. तो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"सर, काच बदलावी लागेल."

"एवढीशी चांदणी आहे हो."

"सर, विंडशील्ड हा सेफ्टीचा विषय आहे. तिथे तडजोड नाही. आज ही चांदणी आहे, पण उद्या..." इथे ते परिणामासाठी थांबले.

"आकाशगंगा?" मावशीने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळले. काच संभाजीनगरहून मागवावी लागेल, पाच दिवस लागतील, तोवर गाडी इथेच ठेवलेली बरी. आम्हाला चौथ्या दिवशी पुण्यात पोचायचं होतं. ते बोलत होते त्यातलं चुकीचं असं काही मला सापडत नव्हतं. फक्त एवढं खात्रीने बोलणारा माणूस काचेला हात लावायला का येत नाही, हे मनात राहून गेलं. "विचार करतो," म्हणालो. ज्या माणसाला कुठलाही विचार करायचा नसतो, तो हेच म्हणतो.

एसी बंद ठेवून, खिडक्या उघड्या टाकून आम्ही निघालो. अमडापूर मागे पडलं, घाटउतार लागला आणि भट्टीचं दार उघडावं तसं खालचं वारं अंगावर आलं. मावशी पदराने वारा घेत चांदणीवर लक्ष ठेवून होती. दर काही वेळाने बातमी देत होती: "आहे तेवढीच आहे." खामगाव ओलांडून दुपारी चारच्या सुमारास पिंपळगाव राजाला पोचलो, तेव्हाही ती तेवढीच होती. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या दहा मिनिटांनंतर ती खरी राहिली नाही.

आम्ही उतरणार होतो जमुनाबाईंकडे. मावशी शाळेत असताना सत्तावीस वर्षं या दोघींची भिंत एक होती. जमुनाबाई आता ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेल्या, पण आवाज अंगणापासून वेशीपर्यंत जाईल असा. गाडीचा आवाज येताच त्या दारात आल्या.

"बाई आल्या व माय! थांबा, थांबा, आत नका येऊ!"

ही पाहुण्याला अडवण्याची नव्हे, घेण्याची रीत. लांबून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मग घरात घ्यायचं. जमुनाबाईंनी मावशीवरून तुकडा ओवाळला, तिच्या पायांवर तांब्यातलं पाणी घातलं. मावशीचे डोळे भरले. डॉक्टरांनी सहा महिने डोळ्यांना पाणी लागू देऊ नका असं सांगितलं होतं. आतून येणाऱ्या पाण्याविषयी ते काही बोलले नव्हते. मग माझी पाळी झाली. एवढ्यावर सगळं संपलं असतं, पण जमुनाबाईंचा मुलगा गजानन सामान काढायला गाडीशी गेला आणि म्हणाला, "भाऊ, काचेले काय झालं?"

जमुनाबाई काचेपाशी आल्या. चांदणी पाहिली. चेहरा बदलला.

"दृष्ट लागली. एवढी चकचकीत गाडी, एवढ्या लांबून आनली, रस्त्यानं कोनाची नजर नसन लागली?" असं म्हणून त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला, बोनेटवरून तीनदा ओवाळला, आणि तांब्या घेऊन रांजणाकडे वळल्या.

जीपवाल्याचं वाक्य मला त्या क्षणी पूर्ण आठवलं. गाडी दुपारभर उन्हात तापलेली. रांजणातलं पाणी किती गार असतं ते माझ्या पायांना नुकतंच कळलं होतं. "नको, नको!" मी ओरडलो. "आजी, खरंच नको!"

पण या भागात पाहुण्याचं 'नको' ही बोलण्याची एक पद्धत समजतात; त्याचा अर्थ कुणी घेत नाही. चहाला नको म्हटलं की दोन कप येतात. जमुनाबाई माझ्या विनयावर खूश होऊन हसल्या आणि त्यांनी भरलेला तांब्या काचेवर ओतला.

टिक.

आणि चांदणीतून एक बारीक रेघ निघाली. कुणी घाई न करता पेन्सिल ओढावी तशी ती डावीकडे सरकली, काठाच्या दिशेने, आणि चार बोटं जाऊन थांबली. मग जमुनाबाईंनी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं.

"आयकला का आवाज? फुटली दृष्ट!"

गजाननने मला खांद्याला धरून बाजूला नेलं. तो साठीचा, शांत शेतकरी. हलक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, एक मागतो. मायले सांगू नका. तिले कळलं तं ते दोन दिवस जेवनार नाई."

मी मान डोलावली. म्हणजे आता काच तडकली होती ती तडकलीच, आणि ती आणखी कुणामुळे तडकली हे सांगण्याची सोयही गेली होती. पुण्यात पंचनामा माझ्या एकट्याच्या नावावर होणार होता.

संध्याकाळी अंगणातच पंगत बसली. रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे) हाताने कुस्करून त्यावर तूप आणि वरण, सोबत झणझणीत वांग्याची भाजी. मावशीचे जुने विद्यार्थी एकेक करून आले. डोक्यावर केस उरलेले नाहीत अशी माणसं तिच्यासमोर हात मागे बांधून उभी राहत होती. आणि प्रत्येक जण वाकून नमस्कार करून झाल्यावर गाडीकडे जाऊन काच पाहून येत होता. बहुमत काच बदलण्याच्या बाजूने होतं. बहुमताला नवी वस्तू आवडते.

"तुझं काय मत?" मी मावशीला विचारलं.

"माझ्या डोळ्यातलं भिंग डॉक्टरने काढून नवं घातलं. दुरुस्त करू का, असं विचारलंही नाही."

"म्हणजे बदलायची?"

"मी माझ्या डोळ्याचं सांगितलं. पण त्याआधी त्याने माझ्या डोळ्यात तीनदा वाकून पाहिलं होतं. तुझ्या त्या टायवाल्याने एकदा तरी पाहिलं का?"

गजानन ऐकत होता. म्हणाला, "खामगावले नईम हाये न. आपल्याच गावचा. बाईंचा विद्यार्थी. तो पाहीन अन् खरं ते सांगीन. पन सकाळी दहाच्या आत तो काचेले हात नाई लावत. त्याले ऊन लागते."

"तो शाळेतही दहाच्या आत कधी यायचा नाही," मावशी म्हणाली. "शाळा सातची होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही तिघं खामगावात होतो. चीर रात्रीतून वाढली नव्हती. मी उठल्याबरोबर पट्टीने मोजली होती. नईमचं दुकान म्हणजे एका कडुनिंबाखाली पत्र्याची टपरी, तिच्यात एक पेटी, एक स्टूल आणि झाडाला टांगलेली मोठी काळी छत्री. पाटी नव्हती. नईम पंचावन्नच्या आसपास, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. मावशीला पाहून तो स्टुलावरून उठला तो उभाच राहिला.

"बाई! तुमी? अन् खामगावात?"

"तू आज वेळेवर आलास, नईम."

"बाई, आता माह्यी वेळ मीच ठरवतो," तो म्हणाला आणि लाजला.

मग तो काचेकडे वळला आणि त्याचा चेहरा बदलला. आधी बाहेरून पाहिलं, मग आत बसून पाहिलं, मग विजेरी तिरकी धरून. नखाने बाहेरून चीर चाचपली, नख अडकलं. आतून चाचपली; नख सरकन गेलं. मग त्याने मला विचारलं, "पानी कोनं टाकलं?"

मी गजाननकडे पाहिलं. "पडलं," मी म्हणालो.

नईमने गजाननकडे पाहिलं. "जमनामावशीनं," तो म्हणाला. "मागच्या साली माह्या टेम्पोवर बी टाकलं होतं." पुढे त्याने विषय वाढवला नाही.

"बदलू का?" मी विचारलं.

"बदला न. काच बाजारात भेटते."

"आणि दुरुस्त होईल का?"

"होईन." त्याने चिरेवरून पुन्हा नख फिरवलं. "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"आता पाहा साहेब. या काचेत दोन काचा असतात, मधात प्लास्टिकचा पापुद्रा. तुमची बाहेरची गेली, आतली कोरी हाये. हे एक चांगलं. तुमच्या नजरेसमोर असती तं मीच म्हटलं असतं, बदला. पन ते बाईंच्या बाजूनं हाये. काठाले भिडली असती तरी म्हटलं असतं, बदला. नाई भिडली. वीतभर असती तं हातच नसता लावला. चार बोटं हाये." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "आता वाईट आयका. चिरेच्या टोकाले मले बारीक भोक पाडा लागते, म्हंजे ते पुढं पयत नाई. ते पाडताना काच ठरवते, मी नाई ठरवत. तिनं ठरवलं तं सीधी काठाले जाईन. मंग बदलाच लागते. शंभर टक्के मी कोनाले सांगत नाई."

आत्तापर्यंत मला भेटलेल्या सल्लागारांत एकाची खात्री शंभर टक्के होती आणि त्याने काचेला हात लावला नव्हता. दुसऱ्याने नखाने, विजेरीने, आतून-बाहेरून तिची चौकशी केली होती आणि तो 'बहुतेक' म्हणत होता. चौसष्ट वर्षांत माणसांविषयी जे थोडं शिकलो, त्यात हे एक आहे: ज्याने हात लावून पाहिलं, त्याचं 'बहुतेक' घ्यावं.

"करा," मी म्हणालो. आवाज मला हवा होता तितका ठाम आला नाही.

पहिला अर्धा तास नईमने काहीच केलं नाही. गाडी उन्हाकडे तोंड करून लावली आणि चिरेत शिरलेलं रांजणाचं पाणी वाळू दिलं. मग छत्री झाडावरून काढली आणि उघडून काचेवर धरली.

"याच्यात जे औषध भरतो न, ते उनानं जमते (घट्ट होतं). जागेवर जायच्या आधीच जमलं तं काम गेलं. म्हनून भरेपर्यंत सावली, भरल्यावर ऊन. कोनी छत्री धराल का? हालवायची नाई."

गजाननने हात पुढे केला, पण छत्री मावशीने घेतली. सत्तावीस वर्षं हातात छडी न हलवता धरलेली बाई ती. गाडीच्या बाजूला ताठ उभी राहिली आणि तिच्या सावलीच्या काळ्या वर्तुळात नईम वाकला.

पेटीतून त्याने एक लहानसं यंत्र काढलं. त्याची सुई मोहरीएवढं भोक पाडणारी. चिरेच्या टोकावर ती टेकवली. बारीक, दातांच्या दवाखान्यात येतो तसा आवाज सुरू झाला. मला रेवतीचा आवाज ऐकू येत होता: पुढच्या वेळेपासून ड्रायव्हर. माझ्याहून तीस वर्षांनी लहान माणूस पुढे बसलेला, आणि मी मागे, त्याचं डोकं बघत.

टिक.

यंत्र थांबलं. गजाननने डोळे मिटले. नईम हलला नाही. मी काचेच्या काठाकडे बघायचं टाळलं आणि मग बघितलं.

"छत्रीची काडी आहे," मावशी म्हणाली. "खाच सैल झालीय. तू कर तुझं काम."

नईमने श्वास सोडला आणि केलं. भोक पडलं. चीर जागची हलली नाही. मग त्याने एक छोटा पंप काचेला चिकटवला, पारदर्शक औषध थेंबाथेंबाने आत ढकललं, आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं: ती पांढरी चकाकणारी रेघ टोकाकडून विझत गेली. दिव्याची वात मागे घ्यावी तशी. चांदणीचा एकेक पाय गेला. शेवटी काचेवर एक फिकट केस उरला, तोही तिरकं पाहिलं तरच.

"बाई, छत्री काढा," नईम म्हणाला. "आता सूर्यनारायनाचं काम."

मावशीने छत्री मिटली. आजवर मी विदर्भाच्या उन्हाविषयी अनेकदा बोललो आहे, आणि त्यातलं काहीही छापण्यासारखं नाही. त्या दिवशी खामगावच्या बाजारामागे ते ऊन काचेवर पडलं आणि पंधरा मिनिटांत त्याने ती चीर अशी धरून ठेवली, की नईमने नख फिरवलं तेव्हा ते कुठेच अडकलं नाही. मी डोक्यावर रुमालही न घेता त्या उन्हात उभा राहिलो. कृतज्ञता दाखवण्याचा दुसरा मार्ग सुचत नव्हता.

शेवटी नईमने काळा मार्कर काढला आणि बाहेरच्या बाजूने, चिरेच्या टोकापाशी, एक आडवी बारीक रेघ मारली. "हे हद्द. हे ओलांडून चीर पुढं गेली तं मले फोन नका करू. सीधे काच बदला. समजा, नईम हारला."

मावशीने वाकून पाहिलं. "वाकडी आलीय."

"बाई, हात थरथरते आता."

"तिसरीतही थरथरायचा. पूस ती. पट्टी कुठाय?"

नईमने स्पिरिटचा बोळा घेऊन हद्द पुसली, पेटीतून स्टीलची पट्टी काढली आणि जीभ दातांत धरून सरळ रेघ मारली. मावशीने "हं" म्हटलं. तो असा हसला, की काच जोडल्याच्या आनंदापेक्षा हा आनंद मोठा दिसला.

संध्याकाळी पिंपळगावला परतलो, तेव्हा जमुनाबाई अंगणातच होत्या. काच जवळून पाहिली, डोळे किलकिले केले, बोट फिरवलं. चांदणी नाही, चीर नाही. त्यांनी गजाननकडे अशा नजरेने पाहिलं, की साठ वर्षांत त्याने त्यांच्यावर घेतलेली प्रत्येक शंका त्यात वसूल झाली.

"पाह्यलं? एक दिवस लागते उतराले, पन उतरते. तुमी लोक हसता."

कुणी हसलं नाही. मीही नाही. त्या रात्री त्यांनी स्वतःच्या हाताने मला जास्तीचा रोडगा वाढला, आणि मी नको म्हटल्यावर आणखी एक.

चौथ्या दिवशी सकाळी निघालो. जमुनाबाई आणि मावशी एकमेकींचा हात धरून पुष्कळ वेळ उभ्या होत्या. मग जमुनाबाईंची नजर रांजणाकडे गेली आणि मी गाडी चटकन सुरू केली. घाट चढताना मावशी रेघेवर नजर ठेवून होती. "अलीकडे आहे," ती म्हणायची. चिखलीच्या गतिरोधकांवर गाडी उडाली: अलीकडे. टायवाल्यांच्या दालनासमोर मावशीनेच थांबायला लावलं आणि हॉर्न वाजवला. या वेळी ते उन्हात बाहेर आले. काच बघितली, पुन्हा बघितली.

"मॅडम, हे टेम्पररी आहे."

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे," मावशी म्हणाली. "मला पुरेल."

देऊळगाव राजाच्या आधी तसाच एक गिट्टीचा टिप्पर पुढे आला. मी त्याच्यापासून इतकं अंतर ठेवलं, की मध्ये दोन एसटी आणि एक बैलगाडी मावली. जालन्याच्या पुढे घाबरत घाबरत एसी लावला. अलीकडे. पुण्याची वाहतूक लागली, सोसायटीचं फाटक आलं, खांब या वेळी आपल्या जागी होता. अलीकडे.

रेवती खालीच उभी होती, हातात मोबाइल. तिने जुना व्हिडिओ लावला आणि गाडीभोवती फिरली. दारं झाली. बंपर झाले. पुढच्या काचेवर आली, थांबली, पुढे गेली. तिला काही दिसलं नव्हतं.

मी जिंकलो होतो. गप्प बसलो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मावशी माझ्याकडे बघत होती, नव्या डोळ्यांनी.

"थांब," मी म्हणालो. "आत बस. ही काळी रेघ दिसते? तिच्या उजवीकडे बघ. तिरकं."

मग मी सगळं सांगितलं. टिप्परच्या मी किती मागे होतो, ते साधारण सांगितलं. पाणी 'पडलं' असं सांगितलं. रेवतीने काचेवरून बोट फिरवलं, रेघेच्या अलीकडून पलीकडे, पुन्हा अलीकडे.

"आणि चारशे किलोमीटर आलास, हे हललं नाही?"

"मोज पाहिजे तर."

तिने मोजलं नाही. चावी माझ्या हातात होती. मी ती पुढे केली. तिने घेतली नाही. "राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात मला कोल्हापूरला जायचंय. मी दमलेली असेन. तू चालवशील?"

कुठलाही समारंभ, शाल, नारळ यांवाचून मला मिळालेला हा एकमेव सन्मान. जे तडकलं होतं ते मी सांभाळून आणलं होतं, आणि ते सांभाळलं गेल्याचा पुरावा काचेवर होता: सरळ, काळा, पट्टीने मारलेला. चीर ती हद्द ओलांडते का, हे रोज सकाळी खाली जाऊन पाहायचं, असं मी झोपताना ठरवलं.

सकाळी खाली गेलो, तर सोसायटीत गाड्या धुणाऱ्याने काच लख्ख करून ठेवली होती. एक काळा डाग काही केल्या निघत नव्हता, तो त्याने थिनर लावून काढला, असं त्याने मुद्दाम सांगितलं.